हात आणि संवाद, दोन्ही पारखणारी परीक्षा



आपल्यातल्या अनेक परिचारिका ब्रिटनला जायच्या तयारीत आहेत. जावं की इथेच राहावं, हे ज्याच्या-त्याच्या घरी ठरेल. मला बोलायचं आहे ते तिथल्या नोंदणीच्या परीक्षेबद्दल.

तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ही परीक्षा दोन टप्प्यांत घेते. पहिल्या टप्प्यातली सीबीटी संगणकावर, भारतातच देता येते. तिच्यात औषधांच्या मात्रांची गणितं आणि परिचर्येचे प्रश्न असतात. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी वेगळी. दुसरा टप्पा ओस्कीचा, म्हणजे स्टेशनागणिक वेगळं काम देणाऱ्या परीक्षेचा, तो ब्रिटनमध्येच. ही पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडली. २०२१ पासून परिचारिकांच्या ओस्कीत १० स्टेशनं आहेत.

त्यातलं औषध देण्याचं काम घ्या. गोळी हातात घेण्याआधी रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारायची, ती मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची, ॲलर्जी विचारायची, औषध कशासाठी आहे ते सांगायचं आणि त्याची संमती घ्यायची. परीक्षकाला मनातलं कळत नाही. जे विचारलं नाही, ते केलं नाही असंच धरलं जातं. उत्तम हाताच्या आपल्या सिस्टर अडखळतात त्या इथे. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीवर असला की सलाईन लावताना "हात सरळ ठेवा" यापलीकडे बोलायला उसंत मिळत नाही. वर्षानुवर्षं मुकाट्याने काम उरकायची सवय लागते. त्याचा दोष मी सिस्टरला देणार नाही. तो रिकाम्या ठेवलेल्या पदांचा आहे.

या पद्धतीतली एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. १५ वर्षं अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळलेली परिचारिका आणि कालपरवा पास झालेली मुलगी, दोघींना तीच स्टेशनं. शुल्क ७९४ पौंड. ते अनेकदा रुग्णालय भरतं, पण लवकर नोकरी सोडली तर परतफेडीची अट करारात असू शकते. पास होईपर्यंत पगार आणि अधिकार सहायकाचे. अनुभवाची नोंद घेऊन काही स्टेशनांतून सूट देण्याचा विचार तिथल्या कौन्सिलने करायला हवा.

तरीही संवादाची ही कसोटी मी योग्यच मानते. क्लासमध्ये इंग्रजी वाक्यं घोकून ती साधत नाही. समोरचा रुग्ण मध्येच "दुखतंय" म्हणाला, तर थांबून कुठे, किती, कधीपासून हे विचारता आलं पाहिजे. ते शिकवायची जागा आपले वॉर्ड आहेत, आणि त्यावर पहिला हक्क आपल्याच रुग्णांचा आहे. धुळ्याच्या आजीला अहिराणीत आणि गडचिरोलीतल्या आदिवासी बाईला माडियात गोळीचं कारण समजलं पाहिजे. ज्या मुली कधीच परदेशी जाणार नाहीत, त्यांनाही हे आलंच पाहिजे.

म्हणून नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेला माझी विनंती आहे: प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाशी केलेल्या संवादाला स्वतंत्र गुण द्या. आणि शासनाला आग्रहाची मागणी आहे की परिचारिकांची रिकामी पदं भरा. रुग्णाशी बोलायला सिस्टरला वेळ मिळेल तो त्यानंतरच.