दाराशी खडे

आज मुरमाड माळावरचा एक उंदीर आणि समुद्रातला ऑक्टोपस यांच्याविषयी बोलायचं आहे.

हा उंदीर घरातला नव्हे, रानातला. शेपटी सोडून चारेक इंचांचा. पाठीवर चपटे, काट्यांसारखे राठ केस. वॉल्टर एलियट हे ब्रिटिश अधिकारी धारवाडकडे नोकरीला होते. दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत या उंदराच्या बिळाचं वर्णन आहे. तांबड्या, खडेवट जमिनीत, बहुधा उताराच्या कुशीला बीळ. बाहेर बारीक खड्यांचा साठा. उंदीर आत गेला की बिळाचं तोंड खड्यांनी बंद! आतल्या खोलीतही खड्यांचंच अंथरूण. पोटावरच्या दाट केसांमुळे त्यांचा गारवा त्याला बाधत नाही, ते टोचतही नाहीत. एलियट नुसतं बीळ पाहून थांबले नाहीत, त्यात बसणाऱ्याच्या पोटाचाही त्यांनी विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता समुद्रात जाऊ. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर मेदर बर्म्युडाच्या उथळ पाण्यात ऑक्टोपसांचं निरीक्षण करत होत्या. एक ऑक्टोपस शिकार करून कपारीत परतला. दाराशी झाडलोट केली. मग बाहेर जाऊन एक दगड घेऊन आला. पुन्हा गेला, आणखी आणले. ते तोंडाशी रचले आणि आत निवांत झोपला.

या दोघांचा समान पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही मागे सापडेल. उंदराला पाठीचा कणा. ऑक्टोपसला हाडच नाही, हृदयं मात्र तीन. उंदराची पिल्लं आईच्या दुधावर वाढतात. ऑक्टोपसची मादी उपाशी राहून अंडी राखते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. दगड कसे रचायचे हे त्यांना दाखवायला कुणी उरतच नाही. ऑक्टोपस गोगलगाईच्या गोतातला. पूर्वजांचं कवच गेलं, मऊ अंग उघडं पडलं, आणि कवचाचं काम दगडांवर आलं. इतकं अंतर असूनही दोघांनी दार खड्यादगडांनीच लावलं. कणा असलेले प्राणी तेवढे हुशार, ही आपली समजूत मला म्हणूनच पटत नाही.

ऑक्टोपसच्या दाराशी खाल्लेल्या शिंपल्यांचा ढीगही साचतो. पाणबुडे त्यावरून त्याचं घर ओळखतात. तुम्हालाही एखाद्या मुरमाड उतारावर बारीक खड्यांची ढिगुली दिसली, तर ती पायानं उडवू नका. बिळाचं तोंड बंद असेल, तर घरधनी आत आहे.