भुकटीची गोष्ट

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुलांना राब भाजणें कांहीं नवें नाहीं. भाताचें रोप जेथें तयार करावयाचें, त्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या बारीक फांद्या पसरतात. वर मातीचा थर देतात आणि पावसापूर्वीं तें सारें पेटवितात. मागें राहते ती मऊ राख. ही राख म्हणजे एक भुकटीच.

भुकटी, पूड, चूर्ण, पीठ, बुकणी! आपल्या भाषेंत हिला नांवें पुष्कळ. घन पदार्थाचे अगदीं बारीक कण सुटेसुटे झाले, कीं त्यांस आपण भुकटी म्हणतों. हळद, रांगोळी, त्रिफळाचूर्ण, फळ्यावरून झडणारी खडूची धूळ, हीं सारीं तिचींच भावंडें. पण एक गंमत पाहा. रांगोळी चिमटींतून पाण्यासारखी सुटते आणि तांदळाचें पीठ मात्र बोटांना चिकटून बसतें. रांगोळीचा कण भरड व जड असतो. तो आपल्याच वजनानें खालीं पडतो. पिठाचा कण इतका हलका, कीं शेजारच्या कणाची संगत त्याला सोडवत नाहीं.

मग हे दळण्याकुटण्याचे कष्ट कशासाठीं? घरीं एक प्रयोग करा. गुळाचे सारख्या वजनाचे दोन खडे घ्या. एक तसाच पाण्यांत टाका, दुसरा कुटून टाका. कुटलेला आधीं विरघळेल. याचें कारण गणितांत आहे. एक इंच बाजूच्या घनाचें पृष्ठफळ ६ चौरस इंच. त्याचेच अर्धा इंच बाजूचे ८ घन केले, तर एकंदर पृष्ठफळ १२ चौरस इंच होतें. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे, त्यांनीं हे आकडे अवश्य मांडून पाहावे! गूळ तेवढाच; पाण्याला भिडणारी जागा मात्र दुप्पट झाली.

जें पाण्याचें, तेंच हवेचें. आणि येथें थोडें जपून ऐका. इटलींतील ट्यूरिन शहरीं, १४ डिसेंबर १७८५ रोजीं, एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठारांत मोठा भडका उडाला. एक मुलगा दिव्याच्या उजेडांत पीठ गोळा करीत होता. वरचा ढीग एकाएकीं कोसळला, पिठाचा धुरळा हवेंत उसळला आणि दिव्यावर पेटला. त्या मुलाचें तोंड व हात भाजले. गोणींतलें पीठ सहसा पेट घेत नाहीं. पण हवेंत उडालेल्या पिठाच्या कणाकणाला चहूंकडून हवा मिळते आणि क्षणार्धांत सारें जळून जातें. पेटत्या चुलीवर मूठभर पीठ उधळून पाहण्याची कोणास लहर आलीच, तर त्या मुलाची आठवण करा.

आतां आपल्या राबाकडे परत येऊं. त्यावर माती कां घालतात, हें तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. माती हीहि भुकटीच. पण ती जळत नाहीं, उलट हवेला अडविते. म्हणून राब भडकत नाहीं. धुमसत, सावकाश जळतो. ज्या शेतकऱ्यानें हें प्रथम ओळखलें, तो कोणत्या शाळेंत गेला होता कोण जाणे! या मंद आगीनें जमीन चांगली भाजते, तणाचें बीं मरतें आणि राखेंतील पोटॅश रोपांना मिळतें. मग मृगाचा पाऊस पडला, कीं त्याच भाजलेल्या वाफ्यांत भात पेरतात.