नोटेवरची सही आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

(संस्थेच्या पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



शंभराची नोट आपण रोज हाताळतो. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. ही बँक चलन काढते, इतर बँकांवर देखरेख ठेवते आणि देशाची परकीय चलनाची गंगाजळी सांभाळते. तिचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच आहे. १९८२ ते १९८५ या काळात नोटेवरची ती सही डॉ. मनमोहन सिंग यांची होती. पुढे ते अर्थमंत्री झाले, दहा वर्षे पंतप्रधान राहिले आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी निवर्तले. हे सर्वांना ठाऊक आहे. त्या सहीपर्यंतची वाट कशी होती, ते मात्र आपल्या मुलांना ठाऊक असावे.

त्यांचा जन्म १९३२ सालचा, गाह या खेड्यातला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. गावात वीज नव्हती. आई लहानपणीच गेली आणि आजीने सांभाळले. शिक्षणाची सुरुवात झाली ती उर्दूत. फाळणीच्या दंगलीत आजोबा मारले गेले आणि कुटुंब निर्वासित होऊन अमृतसरला आले. पण त्या माणसाने उर्दूशी वैर धरले नाही. पंतप्रधान असतानाही आपली हिंदी भाषणे ते उर्दू लिपीत लिहिलेल्या कागदावरून वाचत. उर्दू शाळेतले मूल मागेच राहणार, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पालकहो, आता खास आपल्यासाठी. मुलाने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणे त्यांचे नाव विज्ञान शाखेत घातले गेले, पण त्यांचे मन रमेना. काही महिन्यांतच त्यांनी कॉलेज सोडले आणि ते वडिलांच्या दुकानात जाऊ लागले. तिथे चहा-पाणी आणून देण्याचे काम वाट्याला आले. ते त्यांना रुचले नाही. पुन्हा शिकायचे असे ठरवून १९४८ साली त्यांनी अमृतसरच्या हिंदू कॉलेजात प्रवेश घेतला आणि अर्थशास्त्र हाती धरले. विचार करा, त्या दिवसांत घरच्यांनी "आता शिक्षण पुरे, गल्ल्यावर बस" असे निक्षून सांगितले असते, तर काय झाले असते? दुकान चालवण्यात कमीपणा मुळीच नाही. पण शिकू पाहणाऱ्या मुलाला परत शाळेत जाऊ न देणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.

पंजाब विद्यापीठाच्या बी.ए. आणि एम.ए. या दोन्ही परीक्षांत ते पहिले आले. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिजला गेले. ती रक्कम खर्चाला पुरत नसे. घरून पैसे यायला उशीर झाला, की कधी चॉकलेटच्या वडीवर भागवावे लागे. १९५७ साली ते केंब्रिजहून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९६२ साली ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळाली. भारताची निर्यात का वाढत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. प्राध्यापकी, संयुक्त राष्ट्रांतील नोकरी, सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार, अर्थखात्याचे सचिव अशा पायऱ्या चढत वयाच्या पन्नाशीत ते गव्हर्नर झाले. शिष्यवृत्तीच्या पैशाचा हिशेब करणारा हात देशाच्या तिजोरीवर आला.

या माणसाने पुढे आपल्याकडेही पाहिले. पंतप्रधान असताना २००५ साली त्यांनी न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सहा ते चौदा वयोगटातील चारपैकी एक मुस्लिम मूल एकतर शाळेत गेलेच नाही किंवा मधेच शाळेबाहेर पडले, असे २००६ च्या अहवालात दिसून आले. त्यानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पुढे २०२२ साली पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद करण्यात आली. म्हणजे सरकारी मदत येते, कमी होते, कधी थांबतेही. त्या वयातच आपली मुले गळतात. म्हणून ती जागा भरून काढणे हे आपले काम आहे. आपली जकात आणि इमदाद लग्नाच्या मांडवापेक्षा मुलांच्या फीकडे वळली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, मी आपल्याकडे तीनच गोष्टी मागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख चुकवू नका. दाखले आधीच काढून ठेवा. एखादा विषय जमला नाही तर विषय बदला, पण शिक्षण सोडू नका. आणि पालकहो, दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढण्याआधी निदान एकदा तिच्या बाईंना भेटा.

नोटेवर सही करण्याचा मान एका वेळी एकालाच मिळतो. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला सही करता येते. त्या सहीला उशीर करू नका.