खाण संपल्यावर काय उरते?



मी रायपूरजवळच्या उरल्यातून बोलतो आहे. आपल्या मराठीत 'उरला' म्हणजे शिल्लक राहिला. गावाच्या नावाचा अर्थ तो नसेलही, पण आजचा माझा प्रश्न तोच आहे. जमिनीतली संपत्ती काढून विकली की मागे काय उरते?

मी फौजी माणूस, अर्थशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. तेव्हा सरळ उदाहरणांनी बोलतो.

1959 साली हॉलंडमध्ये ग्रोनिंगन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूच्या निर्यातीतून परकीय पैसा आला आणि तिथले चलन, गिल्डर, महागले. त्यामुळे हॉलंडच्या कारखान्यांचा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. एक धंदा फुगला, बाकीचे सुकले. 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 1977 मध्ये याला 'डच रोग' असे नाव दिले.

तुम्ही म्हणाल, छत्तीसगडला किंवा गोव्याला स्वतःचे चलन कुठे आहे? बरोबर. पण हा रोग दुसऱ्या वाटेनेही येतो. कॉर्डेन आणि नीरी या अर्थशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये ती वाट समजावून सांगितली. तेजीतला धंदा माणसे आणि भांडवल आपल्याकडे ओढतो. हाती आलेल्या पैशाने जमीन, घरभाडे, मजुरी सगळेच चढते. मग भातशेती, छोटे कारखाने यांना तो खर्च झेपत नाही.

गोव्यात हेच झाले. चीनची मागणी वाढली आणि लोहखनिजाचे भाव चढले. खाणपट्ट्यातल्या घराघरांत कर्ज काढून ट्रक आले. ट्रकच्या फेऱ्यांत पैसा दिसत असताना पोराने चिखलात का उतरावे? शेते पडीक राहिली, काही ठिकाणी खाणीच्या मातीने भरली. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत. परत शेताकडे वळावे, तर तो हात आणि ते बांध दोन्ही मोडलेले.

याचा अर्थ खनिज हा शाप आहे असा नाही. आमच्याच छत्तीसगडातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. बैलाडिल्याचे खनिज 1968 पासून विशाखापट्टणम बंदरातून जपानला जाऊ लागले. दगड गेला, त्यावर चालणारे कारखाने तिकडे उभे राहिले. भिलाईला 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. तिथे खनिजाचे पोलाद झाले, रेल्वेचे रूळ झाले. शाळा आल्या, इस्पितळ आले आणि फिटर, वेल्डर, इंजिनिअर यांच्या पिढ्या तयार झाल्या. खनिज उद्या संपले तरी हातातले कसब संपत नाही.

उरला आणि शेजारचे सिलतरा या दोन्हींच्या मधोमध आहेत. इथे स्पंज आयर्न बनते, रोलिंग मिल चालतात, हजारो घरांच्या चुली पेटतात. पण सगळी मदार लोहखनिज, कोळसा आणि पोलादाचा भाव यांवर. भाव पडला की भट्टीवाला, ट्रकवाला, चहावाला सगळे एकाच दिवशी आडवे. फौजेत एकाच रस्त्याच्या भरवशावर रसद ठेवत नाहीत. तो रस्ता तुटला की पलटण उपाशी.

दुसरी गोष्ट, खनिजाचा पैसा म्हणजे पगार नव्हे. ती वडिलोपार्जित शेती विकून आलेली रक्कम आहे. ती लग्नात उडवायची की दुसरी जमीन घ्यायची, हे घरातल्या शहाण्या माणसाला सांगावे लागत नाही. नॉर्वेने 1990 मध्ये तेलाच्या पैशासाठी कायद्याने निधी उभारला. मुद्दल राखायचे आणि साधारण उत्पन्नाइतकेच खर्चायचे, हा त्यांचा नियम. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये गोव्यातल्या खनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायम निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांचाही त्यावर हक्क आहे म्हणून. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानेही आली. जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि लिलावात दिलेल्यांनी 10 टक्के इतकी रक्कम त्यात भरायची असते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांना त्यात अग्रक्रम आहे.

म्हणून चंद्रपूर, गडचिरोली, गोवा, छत्तीसगड, जिथे कुठे खाणीच्या छायेत तुम्ही राहत असाल, तिथे एक काम करा. आपल्या जिल्ह्याच्या या निधीचा हिशेब मागा. किती जमा झाले, त्यातून कमान आणि सभागृह झाले की नळाचे पाणी आणि चांगले आयटीआय, हे विचारा. ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. आणि घरातल्या मुलाला ट्रकच्या चाव्या देण्याआधी एखादे असे कसब शिकवा, जे पोलादाच्या भावावर अवलंबून नाही.

डोंगर एकदाच विकता येतो. त्याच्या मोबदल्यात काय घेतले, एवढेच आपल्या नातवंडांसाठी उरणार आहे.

जय हिंद.