द्रष्टा आणि दृश्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



योगाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली. 2014 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने ठराव केला आणि 2015 पासून 21 जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे योग म्हणजे काय हे आता कोणास सांगावयास नको, अशी सर्वसाधारण समजूत झाली आहे. सतरंजी पसरावी, हातपाय ताणावेत, घाम पुसावा, की योग झाला! परंतु पतंजलींची योगसूत्रे उघडली म्हणजे निराळेच दिसते. एकंदर 195 सूत्रे (काही प्रतींत 196), त्यांत आसन समजावून देणारी अवघी तीन, आणि एकाही विशिष्ट आसनाचे नाव त्यांत नाही. मग बाकीच्या सूत्रांचा रोख कशाकडे आहे? पाहणारा कोण आणि त्याला जे दिसते ते काय, याची निवड करण्याकडे. सुपात तांदूळ घेऊन खडे वेचावेत, तसे हे काम आहे.

आपल्या मंडळाचा सभासदत्वाचा अर्ज सर्वांच्या परिचयाचा आहे. नाव, वडिलांचे नाव, कुलदैवत, मूळ गाव, शिक्षण, व्यवसाय. ही सर्व माहिती खरी आहे आणि व्यवहारास आवश्यकही आहे. परंतु अर्ज भरणारा त्या अर्जात कोठे सापडतो काय? शाळेत हजेरी घेताना एखादा मुलगा ‘हजर’ म्हणतो, पण त्याचे मन खिडकीबाहेरच्या पतंगामागे गेलेले असते. थोड्या वेळाने त्याचे त्यालाच कळते की आपले मन येथे नव्हते. हे ज्याला कळते, तो मनाहून वेगळा असला पाहिजे. बालपणी देह लहान होता, आज तो वाकला आहे. मते बदलली, आवडीनिवडी बदलल्या. या सर्व बदलांचा जो साक्षी, त्यास शास्त्रकार द्रष्टा म्हणतात. बाकीचे सारे दृश्य. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्फटिकच तांबडा भासतो, हा टीकाकारांचा आवडता दृष्टान्त आहे. चित्तात जी वृत्ती उठते, तीच आपण आहोत असे द्रष्ट्यास वाटते. या घोटाळ्यास पतंजलींनी ‘अस्मिता’ म्हटले असून पाच क्लेशांत तिची गणना केली आहे. आजकाल अस्मिता हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने व्यासपीठावरून उच्चारतो, ही गंमत जाता जाता ध्यानात घ्यावी.

हा विषय कोरड्या वेदान्ताचा आहे असे कोणी समजू नये. लग्नपत्रिकेत नाव दोन ओळी खाली छापले गेले म्हणून सख्ख्या भावाच्या घरचे पाणी वर्ज्य करणारी माणसे आपल्यांतच आहेत. दुखावले कोण? छापलेले नाव. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून खचत जाणारे गृहस्थही आम्ही पाहिले आहेत. तीस वर्षे ज्यास ‘साहेब’ म्हणून हाक येत होती, ती हाक थांबताच आपणच संपलो असे त्यास वाटू लागते. आणि जिची ओळख जन्मभर ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ एवढीच होती, त्या भगिनीचे पतिनिधनानंतर काय होत असेल? घरात सर्व काही जागच्या जागी असते. फक्त ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर हरवलेले असते.

आपल्या मराठीत या विषयावरील एक अपूर्व पत्र आहे. तापीतीरीच्या योगी चांगदेवांचे वय चौदाशे वर्षे होते अशी परंपरागत कथा आहे. ज्ञानदेवांस पत्र लिहावयास ते बसले, पण मायना काय लिहावा हे सुचेना. वयाने धाकटे म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. आणि थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर वयाने पोर. अखेर कागद कोराच पाठविला. एवढे आयुष्य तप करूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या असे सांगतात. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठविले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. सिद्धी हाताशी होत्या, पण मानपानाच्या हिशेबापुढे त्या लुळ्या पडल्या. पतंजलींनीही सिद्धी या समाधीतील अडथळेच आहेत असे बजाविले आहे. पासष्टीत ज्ञानदेव एक पाऊल पुढे जातात: द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही तिन्ही मुळात एकच, आरशात आपणच आपले मुख पाहावे तशी. आमच्या अल्प मतीप्रमाणे आपणांसारख्या प्रापंचिकांनी आधी पतंजलींच्या निवडीपासून आरंभ करावा. निवड न करता ऐक्याच्या गोष्टी बोलणे फार सोपे असते.

आसनांस आम्ही कमी लेखतो असे मात्र समजू नये. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास संस्था स्थापिली आणि उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांची उपकरणांच्या साहाय्याने परीक्षा केली. देहाची इतकी शास्त्रशुद्ध चिकित्सा करणाऱ्या या पुरुषाने संस्थेस नाव दिले ते ‘कैवल्यधाम’. कैवल्य म्हणजे द्रष्ट्याचे स्वरूपी राहणे.

आता प्रत्यक्ष साधनेविषयी. आठ अंगांत पहिले यम, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. सकाळी डोळे मिटून बसावे आणि दुपारी भाडेकरूस छळावे, हे जमणारे नाही. चित्त त्याच भाडेकरूभोवती घिरट्या घालील. ताठ परंतु सुखाने बसावे. श्वास कोंडू नये. कुंभक जाणत्यापाशीच शिकावा, आणि हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी तर वैद्यास विचारल्याशिवाय त्या वाटेस जाऊच नये. येणाजाणारा श्वास पाहावा. मन गेले, असे कळताच न रागावता परत आणावे. वाऱ्यासारखे मन कसे आवरावे, या अर्जुनाच्या प्रश्नास भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हेच उपाय सांगितले. पतंजलीही तेच सांगतात. ज्यांच्या मनावर शोकाचा भार असह्य झाला आहे, त्यांनी एकट्याने बसण्याचा हट्ट धरू नये. आधी आप्तांचा आणि डॉक्टरांचा आधार घ्यावा.

आपले सभागृह लग्नसराई सोडली तर सकाळी रिकामेच असते. ते रोज सहा ते साडेसहा उघडे ठेवावे, भाषण नको, वर्गणी नको, नुसते स्वस्थ बसावे, अशी आमची सूचना आहे. तेथे शेजारपाजारच्या अन्य ज्ञातींच्या मंडळींसही मुक्तद्वार असावे. द्रष्ट्यास कुलदैवताचा रकाना नसतो. यावर काही सभासदांची हरकत येईल याची आम्हांस कल्पना आहे. तरीही सूचना लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिली असून, येत्या सर्वसाधारण सभेत तिच्यावर चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.