साठ नावांचा तक्ता

आजचा विषय ऐकून माझ्या दोन कवीमित्रांनी मला फोन करून विचारलं की तब्येत बरी आहे ना. विषय आहे प्लगइन. मोबाइलवर आपल्याला जे पडदे दिसतात, एस.टी.च्या तिकिटाचा, पैसे पाठवायचा, दवाखान्यात नंबर लावायचा, ते आधी कुणीतरी संगणकावर आखलेले असतात. कुठलं बटण कुठं, कुठलं अक्षर केवढं, रंग कोणता, हे सगळं ठरवण्याच्या कामाला इंटरफेस डिझाइन म्हणतात. ते काम ज्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, त्यात आज फिग्मा हे नाव फार ऐकू येतं. आणि प्लगइन म्हणजे त्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायची छोटी अवजारं.

आपल्या घरातला सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. सोऱ्या एकच, पण आतली चकती बदलली की चकलीच्या जागी शेव पडते. प्लगइन ही तशी चकती आहे. फिग्मात तिची सोय २०१९ साली झाली आणि जगभरातल्या लोकांनी आपापल्या गरजेच्या चकत्या बनवून ठेवल्या. एका वेळी एकच चालते, हेही सोऱ्यासारखंच.

आता कवी माणूस या भानगडीत कसा पडला, ते सांगतो.

माझी धाकटी मुलगी पुण्यात हे काम करते. गेल्या वर्षी ती महिनाभर सोलापूरला घरी आली होती आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून लॅपटॉपवर बसायची. लहान दवाखान्यांसाठी नंबर लावण्याचं एक अॅप तिच्याकडे आखायला आलं होतं. ते मराठीत हवं होतं. ती म्हणाली, "अब्बा, बटणांवरचे शब्द तुम्ही लिहून द्या." मी खूश. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दांवर कुणीतरी बोट ठेवणार होतं आणि त्यातून काहीतरी घडणार होतं!

तिनं मला पडदा दाखवला. रोग्यांची यादी होती. एकाखाली एक सारख्या चौकटी, प्रत्येकीत एक नाव, वय आणि नंबर. फार देखणं दिसत होतं. नावं वाचली तर सगळी इंग्रजी, पाच-सहा अक्षरांची, गोऱ्या माणसांची. मी विचारलं, हे लोक कोण? ती हसली. म्हणाली, हे कुणीच नाहीत. कंटेंट रील नावाचं प्लगइन आहे, मायक्रोसॉफ्टनं केलेलं. रिकाम्या चौकटी निवडायच्या, नावं हवीत म्हणून सांगायचं, की क्षणात सगळ्या भरून निघतात. आणि खाली जिथं सूचना यायच्या होत्या, तिथं लॅटिनसारखं काहीतरी होतं. तो लोरेम इप्सम.

हा लोरेम इप्सम माझ्या जुन्या ओळखीचा निघाला. माझा पहिला संग्रह १९९८ साली पेजमेकरवर जुळवला, तेव्हा डीटीपीवाल्याच्या पडद्यावर मी तो पाहिला होता आणि कुठल्या तरी चर्चची प्रार्थना असेल असं समजलो होतो. प्रत्यक्षात तो सिसेरो या रोमन पंडिताच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या ग्रंथाचा मोडतोड केलेला तुकडा. १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या चिकटवायच्या अक्षरांच्या तावांवर तो आला, तिथून पेजमेकरमध्ये, आणि आता प्लगइनमध्ये. अर्थ लागू नये, लक्ष फक्त मांडणीवर राहावं, यासाठी तो वापरतात. छापखान्यातल्या माणसाची ही युक्ती मला आवडते. पण त्या लॅटिनला ना वेलांटी, ना उकार, ना रफार. आपल्या अक्षराला वर माळा असतो आणि खाली तळघर. 'ज्ञानेश्वर', 'पुरुषोत्तम', 'श्रीकृष्ण' लिहून पाहा. लॅटिन मजकूर बघून दोन ओळींमधलं अंतर ठरवलं, तर मराठी आल्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

तर ती देखणी यादी बघून मी एवढंच म्हणालो, "तुझे बडे अब्बा यात कुठं बसणार?"

तिला लगेच कळलं. बडे अब्बा म्हणजे माझे थोरले बंधू, आमचे भाईजान. २०२३ साली मी त्यांना एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो होतो. भिंतीवर टीव्ही आणि त्यावर नंबरांची यादी. आडनाव आधी लिहायची आपल्याकडची रीत. चौकट लहान होती, म्हणून नाव जिथं मावेना तिथं तोडून पुढं तीन टिंबं दिलेली. 'शेख मोह…' असं नाव उजळलं. आम्ही उठायच्या आत पलीकडच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले आणि आत गेले. त्यांचंही नाव शेख मोह असंच सुरू होत होतं. त्यांचा काही दोष नव्हता, टीव्हीवर त्यांचंच नाव होतं. भाईजानांच्या नावापुढं 'तपासणी झाली' अशी खूण पडली आणि आम्ही अडीच तास बसून राहिलो. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, दुपारच्या जेवणाची वेळ टळलेली. खुर्चीतच त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, मला ओळखेनात. एका नर्सबाईंनी धावत येऊन साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. नंतर काउंटरवर मी आवाज चढवला, तर तिथला मुलगा कळवळून म्हणाला, "काका, सिस्टिममध्ये तसंच येतं."

तसंच का येतं, ते मला त्या दिवशी मुलीच्या लॅपटॉपवर दिसलं. ज्यानं कुणी ती चौकट आखली, त्याच्यासमोर पाच-सहा अक्षरांची नावं असणार. त्याची चौकट त्याच्या नमुन्यांना पुरत होती. बरं, ही एकट्या शेखांची गोष्ट नाही. पाटील आणि जाधव ज्या गावात निम्मे आहेत, तिथं 'पाटील म…' कितीजण उठतील?

मग आम्ही दोघं कामाला लागलो. गूगल शीट्स सिंक नावाचं प्लगइन आहे. आधी गूगलवर एक साधा तक्ता करायचा, वर रकान्यांची शीर्षकं. मग फिग्मात ज्या जागी नाव यायला हवं, त्या जागेला तेच शीर्षक द्यायचं, आधी फक्त हॅशचं चिन्ह. तक्त्याचा दुवा प्लगइनला दिला की तक्त्यातला मजकूर आपापल्या चौकटीत जाऊन बसतो. तक्ता बदलला की पुन्हा चालवायचं. मला हे फार आवडलं, कारण माझ्या वाट्याला फक्त तक्ता आला. फिग्माला मला हातही लावावा लागला नाही.

मी डायरी काढली आणि आमच्या साहित्य मंडळाच्या सभासदांची नावं घालायला बसलो. मुलीनं माझा हात धरला. खऱ्या माणसांची नावं, वयं, फोन नंबर यात नको. हा दुवा ज्याच्या हाती लागेल, त्याला तक्ता उघडता येतो. शिवाय प्लगइन कुणी परक्यानं लिहिलेलं असतं, त्याला आपली फाइल वाचता येते, काही प्लगइन ती माहिती बाहेरही पाठवू शकतात. म्हणून मी नावं रचली. साठ. कथालेखकांना हे काम सोपं गेलं असतं, मला तीन दिवस लागले. शेख मोहम्मद नावाचे चौघं मुद्दाम घेतले, बाप वेगवेगळे. एक नुसतं 'राम' घेतलं, आडनावाशिवाय, कारण तशीही माणसं असतात. त्र्यंबक घेतला, दुर्गाप्रसाद घेतला.

पहिल्या फटक्यात चौदा चौकटी मोडल्या. मुलीचं तोंड उतरलं, मला मात्र खरं सांगायचं तर आनंद झाला. शेवटी तिनं नाव दोन ओळींत पूर्ण येऊ दिलं, टिंबं काढून टाकली आणि नंबर नावापेक्षा मोठा केला.

रंगांची तपासणी स्टार्क या प्लगइननं केली. अक्षर आणि त्यामागचा रंग यांतला फरक ते आकड्यात सांगतं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, अगदी सारखा रंग म्हणजे १. वेबसाठीचे जागतिक नियम साध्या मजकुराला किमान ४.५ मागतात. हल्ली फॅशन असलेलं पांढऱ्यावरचं फिकट राखाडी अक्षर २.८ वर आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मी हेच ओरडत होतो, पण आकडा नव्हता. लाल-हिरवा ज्यांना वेगळा दिसत नाही, त्यांच्या डोळ्यांनी पडदा कसा दिसतो, तेही ते दाखवतं. चिन्हांसाठी आयकॉनिफाय, छायाचित्रांसाठी अनस्प्लॅश अशी आणखी पुष्कळ आहेत, ती वेळ वाचवतात, त्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखं नाही. आणि बटणावर 'सबमिट करा' लिहिलं तर कुठलंही प्लगइन तक्रार करत नाही. तिथं 'नंबर लावा' मी लिहिलं.

तक्ता अजून माझ्याकडे आहे. परवा बँकेत बसलो होतो, माइकवर एका बाईंना बोलावलं. आडनाव कुऱ्हाडे. तो अर्धा र मला तीन दिवसांत सुचला नव्हता. घरी येऊन त्या आडनावापुढं एक खोटं नाव जोडलं आणि एकसष्टाव्या ओळीत लिहून मुलीला फोन केला.