घेवड्याच्या शेतातलं सौंदर्य



पावसाळ्यात कोटंबीच्या घाटातून पेठकडे येणारा माणूस गाडीची काच खाली करतो, ‘काय हिरवंगार आहे!’ म्हणतो आणि काच वर करतो. त्याला हसू नका. बरीचशी निसर्गवर्णनं अशीच लिहिलेली असतात. म्हणून असं वर्णन वाचताना आधी एवढंच शोधावं, की लिहिणारा उभा कुठे आहे? गाडीत, बांधावर, की चिखलात?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं सापडतात. एडगर अ‍ॅलन पो याची ‘द डोमेन ऑफ आर्नहाइम’ ही 1847 सालची कथा घ्या. एलिसन नावाचा अफाट श्रीमंत माणूस पैसा ओतून अख्खा मुलूखच बागेसारखा घडवतो. आपण नावेतून आत शिरतो, वळणावळणाला नवा देखावा, वाळकं पान औषधालाही नाही. देखणं आहे, यात शंका नाही. पण राबणारा माळी कुठे दिसत नाही. सगळं जणू पऱ्यांनी आणि यक्षांनी करून ठेवलंय! मला तर तिथं गुदमरायला होतं.

दुसरा हेन्री डेव्हिड थोरो. जुलै 1845 मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला. अडीच एकरांत त्यानं मुख्यतः घेवडा लावला. सगळ्या ओळी एकापुढे एक धरल्या तर सात मैल भरतील, असा त्याचा हिशेब! पहाटे दवात अनवाणी निंदणी करताना तो स्वतःला शिल्पकाराच्या पंगतीला बसवतो. रस्त्यानं गाडीतून जाणारे त्याच्या उशिराच्या पेरणीला नावं ठेवतात, तेही त्यानं मजेत टिपलंय. तळं अथांग आहे असं लोक म्हणत. यानं दोरीला दगड बांधून खोली मोजली, 102 फूट. आणि इतकं मोजूनमापूनही त्याच तळ्याचं पाणी एकाच जागेवरून कधी निळं, कधी हिरवं कसं दिसतं, यावर तो रमून लिहितो. मापानं त्याचं कौतुक आटत नाही, उलट वाढतं. त्याचं ‘वॉल्डन’ 1854 मध्ये प्रसिद्ध झालं.

ते मराठीत आणलं दुर्गा भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं. बारा महिन्यांवर ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या दुर्गाबाईंनाच हे काम शोभलं.

आता कोटंबी-पेठकडच्या आपल्या उतारांकडे वळू. राब भाजलेल्या जागेतलं भाताचं रोप दाट, पोपटी असतं. आवणी झाली की खाचर काही दिवस पिवळट, मलूल दिसतं. मुळं धरली की काळपट हिरवं होतं. वरच्या वरकस जमिनीत नागलीचा हिरवा आणखी निराळा. आवणीला वाकलेल्या बाईला हे सगळे हिरवे लांबून ओळखता येतात. हे तिचं शेतीचं ज्ञान म्हणून आपण बाजूला ठेवतो. माझ्या मते ती पारखी नजरच आहे, आणि थोरोची जातकुळी तीच.

तेव्हा वाचनालयात दुर्गाबाईंचं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ जरूर मागा. आधी तळ्यांचं प्रकरण वाचा, मग घेवड्याच्या शेताचं. पहिलं प्रकरण फार लांबलचक आहे; ते शेवटी वाचलं तरी चालेल.